विटकरी

नळीच्या तळाशी रंग बदलत होता. आधी निळा, मग हिरवा — इथं थांबेल असं येसूबाईला वाटलं, थांबावं असं वाटलं — मग पिवळट, आणि शेवटी ओल्या विटेचा चुरा कालवावा तसा गढूळ, विटकरी. तिनं नळी स्पिरिटच्या दिव्यावरून बाजूला घेतली. लाकडी चिमट्याचं एक टोक करपलेलं होतं. ते आपल्या हातून नाही, दादाच्या हातून कधीतरी करपलंय, एवढं तिनं आधी नीट पाहून घेतलं. मग पुन्हा नळीकडे पाहिलं. रंग तोच होता. थंड झाल्यावर परत निळा होतो की काय म्हणून ती जरा वेळ तशीच धरून बसली... होत नाही. रोज सकाळी दादा धरतो तेव्हा तरी कुठं होतो.

मागच्या पडवीत कुणी नव्हतं. दादा गुऱ्हाळावर गेला होता, वहिनी गोठ्यात धार काढत होती. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज इथपर्यंत येत होता. तो थांबायच्या आत सगळं जिथल्या तिथं ठेवायला हवं होतं. तरी ती उठली नाही. भावाच्या नळीत आपली लघवी घालून उकळली — हे कुणाला सांगितलं तर हसतील का ओरडतील, याचाच ती विचार करत राहिली, आणि रंगाचा विचार त्याच्या मागं उभा राहिला, पाहुणा दारात उभा राहतो तसा, कुणी आत या म्हणेपर्यंत.

या घरात सकाळी रंग विचारतात. दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला त्या सुमारास दादा, म्हणजे हंबीरराव, पलटणीतून पेन्शनीत आला, नदीवर इंजिन बसलं, कोरड्या रानात ऊस उभा राहिला, आणि थोड्याच सालांत मिरजेच्या डॉक्टरनं त्याला मधुमेह सांगितला. तेव्हापासून मागच्या पडवीत ही नळी, हा दिवा, ही निळ्या औषधाची बाटली. तिथून तो खणखणीत आवाज देतो — "हिरवा." मग पारूवहिनी निवांत स्वयंपाकाला लागते. "पिवळा" म्हणाला की भाताचं आधण उतरतं. कुणाच्या तरी लग्नाहून आल्यावर एकदा विटकरी आला, तर दिवसभर घरातली माणसं दबकून बोलत होती म्हणे. पैपाहुण्यांना तो नळी दाखवतो, आडसालीचा उंच ऊस दाखवावा तशी. "ह्यो बागायतदाराचा रोग हाय," म्हणतो, "अंगाला गोड लागल्याबिगर ह्यो येत न्हाई." बोलताना चेहरा दुःखी असतो, पण मिशीचा पीळ ढळत नाही. येसूबाईला याचं नेहमी हसू यायचं. रोगाचासुद्धा माणसाला मान वाटतो, नवलच आहे.

काल मुंग्यांवरून घरात थट्टा झाली होती. न्हाणीच्या कोपऱ्यात काळ्या मुंग्यांची रांग पाहून वहिनी म्हणाली, "आवं, तुमास्नी कितीदा सांगायचं, बायकांच्या न्हाणीत जात जाऊ नका म्हणून. तुमच्यापायी मुंग्यांची दिवाळी झालीया हितं."

"मी कशाला जातोय तिकडं? माझा रंग हिरवा हाय."

"मग मुंग्या काय माझ्यासाटनं आल्या व्हय?"

दोघं हसली. येसूबाई लसूण सोलत होती, तीही हसली. पण ती माहेरी आल्यापासून त्या न्हाणीत रात्री-अपरात्री तीच एकटी उठून जात होती. वहिनीला एकदा झोप लागली की ढोल वाजवले तरी जाग येत नाही. लसणीची पाकळी सोलून झाल्यावरही येसूबाई ती सोलतच राहिली... सासरी कधी मुंग्या दिसल्या नाहीत. कशा दिसतील? तिथं न्हाणीच नाही. बाईमाणसानं अंधारात बांधाला जायचं, आणि त्या फुफाट्यात कशाला काय लागलंय ते पाहायला कोण थांबतं.

गोठ्यातला आवाज बंद झाला. तिनं नळी कर्दळीच्या बुडाशी ओतली, राखेनं घासली, पुन्हा घासली, दिवा विझवला, चिमटा जागेवर ठेवला. मग रांजणातून तांब्या भरला आणि उभ्यानंच प्याली. दुसरा भरला. इथं पाण्याकडे कुणी पाहत नाही. माहेर म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर अलीकडे तिनं एकच सांगितलं असतं — पोटभर पाणी. पूर्वी तिला माहेरची माणसं आठवायची. आता कवठे महांकाळच्या बाजूच्या त्या माळावर, दुपारी जीभ टाळूला चिकटली, की हा रांजण आठवतो, आणि माणसं त्याच्या मागून येतात.

तिकडे पाणी विहिरीच्या तळाशी, आणि संक्रांत सरली की तेही गढूळ. घागरीपायी अर्धी सकाळ जाते. अशा घरात एक बाई तांब्यावर तांब्या रिचवते म्हणजे चोरीच ती. सासू वाईट नाही. फक्त माठावरचं झाकण जरा जोरात ठेवते. "हिच्या पोटात हीर हाय का काय, कुणाला ठावं," एवढंच म्हणते. येसूबाईला लाज वाटायची. भुकेची लाज लोकांना वाटते हे ऐकून माहीत होतं, पण तहानेची... मग ती माठाकडे जायची टाळायची आणि गोठ्यात गुरांच्या बादलीतलं प्यायची, ओंजळीनं, म्हशीकडे पाठ करून. नवऱ्यानं, नाथाजीनं, बाजाराच्या गावी एका डॉक्टरकडे नेलं होतं. त्यानं गाव विचारलं, रान विचारलं, "जिरायत ना?" म्हणाला आणि खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे बाईंना. तुमच्याकडं ऊनही फार." लाल औषधाची बाटली दिली. गोड होतं ते औषध. चवीनं प्याले मी. आणि अंगात ताकद नाही असा निरोप दादाला गेला, तर दादानं गूळ पाठवला. गुऱ्हाळातल्या पहिल्या कायलीची ढेप बहिणीची, ही या घराची रीतच होती. पण तेव्हापासून ती औषध म्हणून यायला लागली. रोज खडा खा, रगत वाढंल. मी रोज खाल्ला. पोरांनी हात पुढे केला तर त्यांना कणभर दिला आणि उरलेला वर फडताळात ठेवला, कारण तो माझ्यासाठी होता, भावानं धाडलेला, आणि खाल्ल्यावर जरा वेळ खरंच बरं वाटायचं. मग तहान लागायची.

न्याहारीला वहिनीनं भाकरीबरोबर काकवी वाढली. येसूबाईनं भाकरीचा तुकडा काकवीच्या कडेकडेनं फिरवला. "बुडवून खा की वन्सं, वाळून काडी झालीया नुसती," वहिनी म्हणाली. तिनं बुडवून खाल्ला.

बनाबाईची आठवण आली ती चुलीपुढं बसल्यावर, आणि आली ती गेली नाही. सासरच्या गावची बनाबाई. त्या लोकांनी धर्म बदलल्यावर त्यांच्या वस्तीला बौद्धवाडी म्हणायचं असं ठरलं होतं, पण विहिरीला ते अजून कळलेलं नव्हतं. बनाबाई लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतायचं. बरेचदा येसूबाईच ओतायची. बनाबाई वाकायची, ओंजळ तोंडाला लावायची आणि प्यायची — प्यायची — मध्ये श्वास घ्यायलाही थांबायची नाही, हाताच्या कोपरांवरून पाणी गळायचं, आणि ओतणारीचा हात भरून यायचा. बनाबाई कधी 'पुरं' म्हणाली नाही. हात दुखला की ओतणारीच थांबायची. मग ती तोंड पुसून "लय उपकार झालं, बाई" म्हणायची आणि घागर भरून मागायची. वाळत गेली. पायाला काटा लागला तो भरलाच नाही. एका उन्हाळ्यात गेली. ऊन लागलं म्हणाले. कुणी करणी म्हणाले. तिला डॉक्टरनं रान जिरायत का बागायत हेही विचारलं नव्हतं, कारण डॉक्टर नव्हता आणि रानही नव्हतं... तिची तहान नक्की केवढी होती, हे कुणालाच कळलं नाही. येसूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. धूर डोळ्यात गेला.

दुपारी हंबीरराव आला तो ढेप घेऊनच, पोत्यात गुंडाळलेली, अजून कोमट. "बघ येसू, यंदा कसा सोन्यावानी उतरलाय." मग हातपाय धुऊन सुईच्या तयारीला लागला. माठाखालच्या ओल्या वाळूत, गार राहावी म्हणून, औषधाची बाटली पुरलेली असते, ती त्यानं काढली, पुसली. काचेची पिचकारी पातेल्यात उकळत होती. हे सगळं तो एकटा करतो, बंदूक साफ करावी तसं, कुणाला हात लावू देत नाही. येसूबाई उंबऱ्यावर बसून वाळूकडे पाहत होती. वहिनी सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर पाणी शिंपडते. अर्धा तांब्या तरी जात असेल.

"दादा, ही सुई बाईमाणसाला बी देत्यात?"

"देत्यात की. मिरजंला माझ्या शेजारी एक वकिलीणबाई बसतीया. लय मोठं घर."

"आन् आमच्या बाजूचं कोण येतंय तितं?"

तो हसला. पोटाची कातडी चिमटीत धरून सुई आत घातली, तरी हसू तसंच होतं. "तुमच्या बाजूला कशाला येतोय ह्यो? हुलगं आन् बाजरी खानारी मानसं तुमी. खरं सांगू येसू, तुमीच सुखी हाय. माझ्यासारखं रोज भोसकून घ्यायला नगं."

मनापासून बोलत होता. हेच अवघड होतं. तो तुसडा असता, हिशेबी असता, तर तिनं तोंडावर फेकलं असतं — माझा रंग विटकरी आहे, तुझ्याच नळीत पाहिलाय. पण तो उद्याच्या उद्या मिरजेला नेईल. मोठ्या घरच्या बायकांशेजारी बाकावर बसवील. आणि मग? बाटली कुठं पुरायची — त्या घरात वाळू ओली ठेवायला पाणी कोण देणार, जिथं जीभ ओली करायची मारामार. सुई कोण देणार, नाथाजी? तो म्हशीला टोचताना तोंड फिरवतो. म्हणजे इथंच राहायचं. वहिनी चांगली आहे. आठवडा चांगली, महिना चांगली... त्यानंतर येसूबाई ही माहेराला आलेली बहीण राहणार नाही, घरात आणून ठेवलेली बहीण होईल, आणि मग या रांजणाकडेही कुणी पाहायला लागेल. आणि नाही सांगितलं तर — तर बनाबाई. तिला भीती वाटली. मरायची वाटली की उरायची, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी सासरी निघताना वहिनीनं ओटी भरली आणि गुळाचा खडा तिच्या तोंडाशी धरला. माहेरवाशिणीनं गोड तोंडानं उंबरा ओलांडायचा असतो. येसूबाईनं तोंड उघडलं. जिभेवर तो विरघळेपर्यंत तिला बोलता येईना, आणि वहिनीला वाटलं की रडू येतंय, म्हणून तिचेच डोळे भरले.

स्टँडवर नळ होता. बस लागायची होती. तिनं पदर खोचला, वाकली, ओंजळ लावली. पाणी थंड होतं, नदीचं. ती प्याली, आणि पीत राहिली, आणि कोपरांवरून पाणी ओघळायला लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की मध्ये श्वास घेतलेला नाही. मान वर केली तर दादा पाहत होता. सकाळी नळी उजेडात धरून पाहतो ना, अगदी तसं. त्यालाही पहिल्यांदा तहानच लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच सांगतो, एका बैठकीत कळशी संपवली होती म्हणून. आता विचारील. विचारलं तर सांगायचं. हे तिचं ठरूनही गेलं, इतकं सहज की तिला हलकं वाटलं.

"लय तहान लागती गं तुला," तो म्हणाला.

"व्हय." ती थांबली. तोंडही पुसलं नाही.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली तिच्या लुगड्याकडे, मग पायातल्या धुळीकडे गेली. "तुमच्या त्या माळाला ऊन बी तसंच हाय म्हना," तो म्हणाला, आणि बस लागली तशी खिडकीची जागा धरायला ढेप घेऊन पुढे झाला.

मिरज मागं पडली तसा ऊस संपला. मग बाभळी, मग ज्वारीची वीतभर ताटं, मग नुसता माळ. ढेप मांडीवर होती, पोत्यातून तिची ऊब लागत होती. येसूबाईला तहान लागली. एरवी ती पदराचं टोक दातात धरून बसते, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आज धरलं नाही. राग आला होता तिला. दादाचा म्हणावा तर दादाचा नव्हे, त्या डॉक्टरचाही नव्हे. कुणावर ठेवावा ते सापडेना, म्हणून तो तिच्याजवळच राहिला, आणि भीतीला बसायला जागा उरली नाही. बनाबाईला कुणीतरी ओतायला लागायचं. मला लागत नाही. माठ माझ्या घरातला, तांब्या माझा, हात माझा... आणि मी गुरांच्या बादलीतलं पीत होते, म्हशीकडे पाठ करून. तहानेला नाव आहे. मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसणाऱ्यांच्या तहानेला आहे, म्हणजे बनाबाईच्याही होतं, तिला कुणी सांगितलं नाही एवढंच. बनाबाई आत्ता समोर आली असती तर तिला आधी तेच सांगितलं असतं, मग ओतलं असतं.

नाथाजीला सांगायचं का, परत इकडं यायचं का, हे काही ठरत नव्हतं. या ढेपेचं काय करायचं तेही नाही. माहेरचा गूळ टाकून कसा देणार. पण घरी गेल्यावर पहिल्यांदा माठाकडे जायचं, सासूच्या देखत, आणि पुरं वाटेपर्यंत प्यायचं, एवढं तिला दिसत होतं. झाकण कितीही जोरात वाजू दे. जीभ टाळूला चिकटली होती, गाव अजून लांब होतं, आणि मांडीवरची ढेप हळूहळू गार होत चालली होती.