माझ्या खिशातला हिरवा गोल

मित्रांनो, माझ्या पोटात आज एकही नाणं नाही. तरी मी नाण्यांचाच अल्बम आहे आणि चांगला जुना आहे. निळं जाड पुठ्ठ्याचं आवरण, आत बारा पानं, प्रत्येक पानाला वीस खिसे. आपली गोष्ट सांगताना बहुतेक जण छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे. जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही, पण झालं ते माझ्यामुळेच.

एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे पारदर्शक प्लास्टिकचे गुंडाळे रचून ठेवलेले असत. त्याचे दोन थर एकावर एक ठेवायचे, वरून गरम पट्टी दाबायची, की खिशांची रांग तयार. पानं तपासायला बसलेल्या बाईंनी माझं पहिलं पान गालाला लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हात लावून बघ गं, लोण्यासारखं मऊ आहे!" झालं! मी तिथेच हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो. हा मऊपणा प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या एका तेलामुळे आलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी त्याचीही फुशारकीच मारली असती.

वह्या-पेनांच्या दुकानातून मला एका तरुण मुलीने विकत घेतलं. तिचा तो पहिला पगार होता आणि मी तिच्या बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट होतो. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दुकानात खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं आणि टेबलाला सहा खण. वरच्या खणांत काटे, काचा, पट्टे. सगळ्यात खालच्या खणात नाणी.

ती नाणी राहायची तरी कशात? घड्याळाचे सुटे भाग ज्या चिमुकल्या खाकी पाकिटांत येतात, त्या रिकाम्या पाकिटांत! एका पाकिटात एक नाणं आणि पाकिटावर पेन्सिलीने दोन ओळी. 'जहाजावरचे स्वयंपाकी. घड्याळ पाण्यात पडलं होतं, चालू झालं. खूश होऊन दिलं.' 'चष्मेवाल्या शिक्षिका. नवऱ्याचं घड्याळ, दुरुस्त होत नव्हतं, तरी दिलं.' अशी दोनशे चाळीस पाकिटं बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली होती. त्यांच्या कडा मळलेल्या, कोपरे दुमडलेले. त्यांना बघून मी नाक मुरडलं. म्हटलं, इथे मी आलो ते बरंच झालं.

लेकीने एक अख्खी सुट्टी त्या कामात घालवली. पाकिटातून नाणं काढायचं, माझ्या खिशात सरकवायचं, खाली सुबक छापील चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर धातू आणि साल, एवढंच. रिकामं पाकीट केराच्या टोपलीत. टोपली भरली तशी ती पायाने दाबून तिने पुन्हा भरली. घड्याळजी जेवून खाली आले, टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "छान केलंस हो. किती नीटनेटकं दिसतंय." मला तेव्हा फक्त 'नीटनेटकं' एवढंच ऐकू आलं. टोपलीकडे बघताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला आज आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या नाण्यांत एक तांब्याचं होतं, त्यावर पंख पसरलेला पक्षी. त्याच्या पाकिटावर लिहिलं होतं: 'ताई नोकरीला निघाली तो दिवस. जोडीचं तिच्याकडे.' घड्याळजींच्या वडिलांनी दोघा भावंडांना सारखीच दोन नवी कोरी नाणी दिली होती. ताई दूरच्या शहरात नोकरीला निघाली तेव्हा दोघांचं ठरलं, की म्हातारे झालो की दोन्ही नाणी शेजारी ठेवून बघायची, कुणी नीट सांभाळलं ते. ते पाकीटही टोपलीत गेलं. नाणं माझ्या पहिल्या पानावर, मधल्या खिशात आलं.

पहिली तीन-चार वर्षं माझी नुसती चंगळ होती. खिडकीशेजारच्या फळीवर माझी जागा. दुपारचं ऊन थेट अंगावर यायचं. गिऱ्हाईक आलं की घड्याळजी मला पुढे करायचे. "लेकीने आणलाय," हे आधी सांगायचे, नाणी नंतर दाखवायचे. लोक वा वा करायचे आणि मी ती सगळी वाहवा खिशात घालायचो.

मग मला घाम फुटायला लागला.

आधी ते माझं मलाच कळलं नाही. खिसे आतून जरा चिकट लागायला लागले. मी स्वतःची समजूत घातली, हवा दमट असेल. मग पक्ष्याच्या पंखाखाली हिरवट ठिपका आला. मग शेपटीवर. एके सकाळी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते नाणं चिमट्याने बाहेर काढलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग आपली बोटं नाकाशी नेऊन हुंगली. चाळीस वर्षं घड्याळाचं तेल हाताळलेली बोटं ती. "माझंच तेल," ते पुटपुटले. "माझेच हात नडले."

त्यांनी साबणाने तीन वेळा हात धुतले आणि मला फळीवरून काढून सगळ्यात खालच्या खणात ठेवलं. त्यानंतर त्यांनी नाण्यांना हात लावणंच सोडलं. कुणी मागितलं तर म्हणायचे, "बघू नंतर."

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगायला जीभ रेटत नाही. त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, सुटलो! आळ त्यांच्यावर गेला, माझी अब्रू वाचली. खणाच्या अंधारात मी सात वर्षं पडून होतो आणि घाम गाळत होतो, आणि वर टेबलाशी एक भला माणूस माझं पाप आपल्या बोटांवर घेऊन बसला होता.

मग ताईंचं पत्र आलं. नोकरी संपली होती, त्या भावाकडे महिनाभर राहायला येणार होत्या. खाली तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'जोडीचं काढून ठेव रे बारक्या. माझं मी आणतेय.'

घड्याळजींची झोपच उडाली. दुकान मांडायच्या आधी ते मला उघडून बसायचे आणि नुसते बघायचे. एकदा लेकीने पाहिलंच.

"बाबा, अहो हे काय झालंय?"

"माझ्या हाताचं तेल गं. आत्याला बोलू नकोस काही."

ताई आल्या त्या दुपारी आल्या. अंगाने बारीक, आवाज खणखणीत. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी पिशवीतून एक काडेपेटी काढली. आत कोरडा कापूस, कापसात नाणं. तपकिरी, शांत, पक्ष्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं.

"चल, काढ तुझं."

घड्याळजी पट्ट्यांच्या खणात उगीच काहीतरी शोधायला लागले. "ताई, ते... सापडत नाहीये. हरवलं असणार."

ताई काडेपेटी मिटून पिशवीत ठेवायला लागल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून त्या पिशवीत जास्तच वाकल्या. लेकीला ते बघवलं नाही. तिने खालचा खण ओढला, मला टेबलावर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं.

"आत्या, हरवलेलं नाही. बाबा लाजतायत."

घड्याळजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "खराब झालं गं माझ्याने. घड्याळाचं तेल लागलं बोटांचं."

ताईंनी नाण्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मला उचललं आणि माझ्या पानात नाक खुपसलं. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

"बारक्या, हा घड्याळाच्या तेलाचा वास नाही. हा रेनकोटाचा वास आहे."

"रेनकोटाचा?"

"अरे, एकतीस वर्षं रेनकोट शिवलेत मी. हे मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेल घालतात. जुनं झालं, ऊन लागलं, की ते बाहेर येतं. गोदामात पडून राहिलेल्या आमच्या कोटांची पितळी बटणं अश्शीच हिरवी व्हायची. पोती भरभरून फेकलीत आम्ही. तुझ्या बोटांचा काय संबंध? आण ते हात इकडे!"

पाठीमागचे हात पुढे आले. ताईंनी ते आपल्या हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. घड्याळजी हसायला गेले, पण त्यांना रडूच आलं.

लेक मात्र पांढरी पडली होती. "म्हणजे मी आणलेल्या अल्बममुळे."

"तुला काय माहीत होतं, बाळा?" घड्याळजी म्हणाले.

"याचं नव्हतं माहीत. पण पाकिटं? ती तर मी वाचत वाचत फेकली, बाबा."

घड्याळजी हळूच म्हणाले, "हो गं. ती राहायला हवी होती."

एवढंच वाक्य. त्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. तिलाही लागलं असणार, कारण ती लगेच उठली आणि वरच्या खणांतली कोरी खाकी पाकिटं घेऊन आली.

घड्याळाचे भाग धुवायचं औषध घरात होतंच. एकेक नाणं कडेने धरून त्यात बुडवायचं, घासायचं नाही, मऊ कापडावर सुकू द्यायचं. पाकिटावर आधी लिहायचं आणि मग नाणं आत घालायचं, म्हणजे पेन्सिलीचा दाब नाण्यावर येत नाही. हे काम महिनाभर चाललं. घड्याळजी आठवून सांगायचे, लेक लिहायची, मध्ये मध्ये ताई थट्टा करायच्या, "एवढी गिऱ्हाइकं तुला आवडायची, आणि मला पत्र लिहायला वेळ नव्हता होय रे!" बरंचसं आठवलं, पण सगळं नाही. एक्क्याण्णव पाकिटांवर लेकीने लिहिलं, 'कुणी दिलं ते आठवत नाही.' प्रत्येक वेळी तिचा हात थांबायचा. ती शिक्षा तिने स्वतःच स्वतःला दिली होती.

शेवटी पक्ष्याचं नाणं. चिकटपणा गेला, हिरवेपण बरंचसं गेलं, पण पंखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे राहिले. ते कायमचे. भावंडांनी दोन्ही नाणी खिडकीत शेजारी ठेवली. ताई म्हणाल्या, "हरलास बारक्या." आणि आपलं नाणं त्याच्या पाकिटात घालून, खड्डे पडलेलं आपल्या काडेपेटीत ठेवून घेतलं.

मला फेकून देतील असं वाटलं होतं. लेकीने फेकलं नाही. माझ्या आवरणावर तिने चिठ्ठी डकवली, 'यात नाणी ठेवू नयेत,' आणि मला खिडकीपासून दूर उभं केलं. ते मला योग्यच वाटतं.

तर मित्रांनो, तुमच्याकडे नाणी असतील, किंवा दुसरं काही जपून ठेवण्यासारखं असेल, तर ते कोरड्या जागी ठेवा, कागदात ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. माझ्यासारखा कुणी मऊ आणि चकचकीत भेटला तर आधी तो कशाचा बनलाय ते विचारा. मळक्या पाकिटावर काही लिहिलेलं असेल, तर ते ज्याने लिहिलं त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. आणि तुमच्या चुकीबद्दल दुसरा कुणी आपलेच हात धूत बसला असेल, तर तुम्हाला तोंड आहे, बोला. मला नव्हतं.

माझ्या पहिल्या पानाच्या मधल्या खिशात अजून एक हिरवा गोल आहे. उजेडात धरला तर त्यात पक्षी दिसतो, उलटा. नाण्याच्या पंखावरून जे गेलं ते इथे माझ्या अंगाला चिकटून राहिलंय. मी ते रोज बघतो. परत कसं करायचं ते मला येत नाही.