सख्खा नाही

मिरजगावात गादी भरून घ्यायची म्हटलं की लोक मेहताब पिंजाऱ्याकडे जात. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. कापूस पिंजायचं मशीन दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी मेहताबच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्याची मुलगी कैनात नीटच्या परीक्षेला बसली आणि ओबीसीतून सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल एवढे मार्क तिला पडले. खुल्या गटात तेवढ्यावर काही मिळत नव्हतं. "तुमचं बरं असतंय बाबा, कोटा हाय," असं गावात काही जण म्हणाले. कैनातनं ते मनावर घेतलं नाही.

अडचण दुसरीकडून आली. ओबीसीची जागा घ्यायची तर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र पाहिजे, आणि त्यासाठी जातीचा जुना पुरावा. मेहताबच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. त्याचे वडील अल्लाबक्ष शाळेची पायरी चढलेच नव्हते.

"चाचांची व्हॅलिडिटी आहे की," कैनात म्हणाली.

चाचा म्हणजे अझहर, मेहताबचा धाकटा भाऊ. वडील वारले तेव्हा मेहताबनं शाळा सोडून त्यांची धनुकली खांद्यावर घेतली, वाड्यावस्त्यांवर फिरून कापूस पिंजला आणि अझहरला शिकवलं. अझहर ओबीसीतून इंजिनियर झाला, सरकारी नोकरीला लागला. त्याच्या पडताळणीच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्यांनी जबाब दिले होते, आणि चौकशीला आलेल्या साहेबापुढं मेहताबनं अंगणात बसून कापूस पिंजून दाखवला होता. ते म्हातारे आता राहिले नव्हते. पण सख्ख्या काकाचं प्रमाणपत्र असलं की काम होतं, असं सेतू केंद्रातल्या माणसानं सांगितलं. काकानं प्रत द्यायची आणि नातं कबूल करायचं, एवढंच.

नोकरी लागल्यावर अझहरनं गॅझेट करून आडनाव 'शेख' करून घेतलं होतं. तेव्हा मेहताबला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शहरात राहायचं तर लोक काय काय करतात.

बापलेक अझहरकडे नगरला गेले. फोन उचलला जात नव्हता म्हणून न सांगताच गेले. सावेडीतल्या त्या बंगल्याच्या हॉलमध्ये पाहुणे बसलेले होते. अझहरच्या मुलीचं, फरहीनचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे सय्यद होते. मेहताब दारात उभा राहिला तसं सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हे कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

अझहर पटकन उठला. "गावाकडचे आहेत. गाद्या भरतात. फरहीनच्या गाद्यांसाठी बोलावलं होतं."

कैनातनं बापाकडे पाहिलं. मेहताबनं एकदा भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय. माप घ्यायला आलोय."

चाचीनं त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलेलं होतं, बघायला कोणी नव्हतं, तरी मेहताब वाकून वितीनं पलंगाचं माप घेत राहिला. कैनात भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही.

पाहुणे गेल्यावर अझहर आत आला. "भाई, माफ करा. पण ते सय्यद आहेत. पिंजारी म्हटलं तर लग्न मोडेल."

"फरहीनच्या लग्नाआड मी येत न्हाई. माझ्या पोरीचं तेवढं काम कर."

"चौकशीचा माणूस सोयरीकवाल्यांकडेही गेला तर? लग्न होऊन जाऊ द्या, मग करू."

"चाचा, ॲडमिशनची मुदत या महिन्यात संपतेय," कैनात म्हणाली.

"बघतो मी," अझहर म्हणाला. निघताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं प्रत पाठवली नाही. शेवटी कैनातनं अर्जात काकाचं नाव, पत्ता लिहून दिला. समितीचा माणूस अझहरच्या घरी जाऊन आला आणि बापलेकीला सुनावणीला बोलावणं आलं.

"अझहर शेख यांचा जबाब आलाय," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "मेहताब पिंजारी हे आमच्या गावचे आहेत, ओळख आहे, सख्खे भाऊ नाहीत, असं ते म्हणतात."

मेहताबला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "बाई, परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"दोघांच्या वडिलांचं नाव एकच आहे, मॅडम," कैनात म्हणाली.

"अल्लाबक्ष नावाची गावात बरीच माणसं होती, असंही त्यांनी सांगितलंय." बाईंचा आवाज वाईट नव्हता. "दुसरा काही पुरावा आहे का?"

मेहताबनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. पिंजून पिंजून उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती.

दावा फेटाळला गेला. वकील म्हणाला, हायकोर्टात जाऊ, औरंगाबादला. वर्ष जाईल, पण केस चांगली आहे. मेहताब नको म्हणाला.

"का नको?" कैनातनं दुकानात येऊन विचारलं.

"कोर्टात शपथेवर सांगावं लागंल, माझा भाऊ खोटा बोलला म्हणून. त्याची नोकरी जाईल."

"आणि माझं?"

मेहताबनं मशीन चालू केलं. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून कैनात बापाशी कामापुरतंच बोलू लागली. तिनं कर्जतच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. तिची जागा कोणाला तरी मिळाली असेल. त्या कोणाचा तिला राग येत नव्हता.

फरहीनचं लग्न थाटात झालं. मिरजगावात त्याची पत्रिका आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा फरहीनचा फोन आला. ती रडत होती. "कैनात, अब्बांनी तुम्हाला नाकारलं हे मला सांगितलंच नव्हतं गं. आज सासूबाईंच्या तोंडून कळलं. त्यांनी लग्नाआधीच मिरजगावात चौकशी केली होती. आपण पिंजारी, तुझे अब्बा माझे बडे अब्बा, सगळं माहीत होतं त्यांना."

"मग सोयरीक का केली?"

"अब्बांची नोकरी बघून. हुंड्यात गाडी देणार होते ना. आता मला सगळे पिंजारीण म्हणतात."

कैनातनं फोन ठेवला. बाप दुकानात होता. तिनं त्याला जाऊन सांगितलं.

मेहताब बराच वेळ गादीवर टाके घालत राहिला. मग म्हणाला, "अझहरला कळू देऊ नको. एवढं करून हाती काय आलं न्हाई हे समजलं तर खचंल तो."

कैनात दुकानाबाहेर आली आणि तिनं अझहरला फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"हे आता मला सांगून काय उपयोग, बेटा?" अझहर म्हणाला.

"काही नाही," कैनात म्हणाली. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मेहताबनं दारातून ऐकलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. कैनात जेवली, आणि सकाळी कर्जतच्या एसटीत जाऊन बसली.