डावी वेणी

परदेशात दिवसभर लोकांचे केस कापणारी ती, स्वतःच्या लेकीच्या केसांना मात्र कात्री लावत नव्हती. पार्लरमधल्या मैत्रिणी टोमणे मारायच्या, घरचंच गिऱ्हाईक ताटकळत ठेवलंय म्हणून. ती हसण्यावारी न्यायची. खरं कारण समुद्रापलीकडे, माहेरच्या खाटेवर बसलेलं होतं.

बाबांना आता फारसं काही आठवत नसे. दर रविवारी वहिनी त्यांच्यासमोर फोन धरायची, आणि पडद्यावर दोन वेण्या दिसल्या की म्हाताऱ्या सुताराचा चेहरा उजळायचा. ठके, आलीस होय शाळेतून? ठकी म्हणजे खरं तर तीच. पण मोठी बाई समोर आली की बाबा बावरायचे. म्हणून सात वर्षांची लेक ठकी व्हायची आणि ती पडद्याबाहेर बसून हळूच उत्तरं पुरवायची.

त्या रविवारांत तिला तिचं लहानपण परत मिळत होतं, तेही तिने कधी न पाहिलेलं. आई गेल्यावर बाबाच तिच्या वेण्या घालायचे. चिरा पडलेल्या बोटांत केस अडकायचे, ती वळवळायची, आणि बाबा दटावायचे, मान हलवू नकोस, नाहीतर रंधा फिरवीन डोक्यावरून. मग ती खुदकन हसायची. एवढं तिला आठवत होतं. पण खिडकीच्या गजाला सुतळी बांधून ते वेणी घालायला शिकले, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते नातीला, ठकी समजून.

एक दिवस लेकीने तोंड फुगवलं. केस कापून हवेत म्हणाली. आजोबांना काय वाटेल, असं आईने म्हणताच पोरगी शांतपणे म्हणाली, "त्यांना ठकी हवी असते, आई. मी कुठे हवी असते?"

तिने लेकीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मानेपर्यंत केस कापले, अगदी नीट, गिऱ्हाइकाचे कापावेत तसे. लेक आरशासमोर गिरक्या घेऊ लागली. ती कितीतरी वेळ केर भरत बसली.

रविवारी बाबांनी पडदाभर नजर फिरवली. ठकी कुठंय, विचारलं. ही नात तुमची, वहिनीने समजावलं. पाहुण्यांच्या पोरीकडे बघून डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली आणि पुन्हा दाराकडे बघत बसले.

तिला राहवेना. लेकीला म्हणाली, माझ्या घाल दोन वेण्या, पटकन. पोरीने आयुष्यात कधी वेणी घातली नव्हती. कशाबशा घातल्या, आणि तिशी ओलांडलेली ठकी फोनसमोर सरकली.

बाबा पडद्याजवळ झुकले.

"डावी सैल आहे," ते म्हणाले.

ओळखलं, तिला वाटलं. पण ते बोलत होते लेकीशी.

"सोड ती, बाळा. तीन पेड कर. मधला हातातून सुटू द्यायचा नाही. हां. हळू, आईला दुखेल तुझ्या."

त्यांची बोटं हवेत पेडावर पेड टाकत होती. पोरगी जीभ दातांत धरून त्यांच्या बोटांमागून जात होती. आजोबा पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते, ठकीशी नव्हे. आणि आईचे खांदे हलायला लागले होते.

"बाई, मान हलवू नका," बाबा म्हणाले, "नाहीतर..."

परक्या बाईशी बोलतोय हे ध्यानात येऊन ते ओशाळले.

ती मान खाली घालून रंध्याची वाट बघत राहिली.