वाकल्यावर दिसू नये म्हणून

टिचबटण लागताना ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि तो तिला आवडला — पण आवाज आवडला म्हणून कुणी होल्स्टर घेतं का, शर्मिला? तिनं स्वतःलाच दटावलं आणि ते चामडं नाकाशी नेलं. कोरं, जरासं तेलकट. दुकानदार हरेशभाईंनी आत लाकडी डमी खोचली होती, तिच्या सरकारी पिस्तुलाएवढीच, म्हणजे चांगली पूर्ण लांबीची... लहान पिस्तूल मिळालं असतं तर खांदेश्वरच्या या दुकानात यावंच लागलं नसतं. पण पोलिसात काय आवडनिवड असते!

“हे पॅन्टच्या आत जाते, मॅडम. वरून कुर्ता. कोणाला समजणार पण नाय.”

समजलं होतं ना पण. गेल्या रविवारी, उरणला. एका खुनाच्या खटल्यात सुमेधाताईंची साक्ष अजून व्हायचीय, धमक्या येतात, म्हणून शर्मिला साध्या कपड्यांत त्यांच्याबरोबर असते. तर त्यांच्या चुलत्यांकडे, आप्पांकडे, साखरपुडा होता. सगळे ओळीनं आप्पांच्या पाया पडत होते, आपण एकटीच ताठ उभी राहिलो तर नजरेत भरू, म्हणून तीही वाकली, आणि कुर्ता सरकून पिस्तुलाची मूठ बाहेर! कुणीतरी किंचाळलं. सुमेधाताईंनी झटकन आपला पदर तिच्या पाठीवर टाकला, “चला, पानं वाढलीत,” म्हणत तिला आत नेलं, साहेबांकडे तक्रारसुद्धा केली नाही. किती मोठं मन बाईचं! पण घरच्यांनी त्यांना बजावलंय — परवा लग्नात पुन्हा ती बंदूक दिसली तर त्या पोरीला परत पाठवायचं. म्हणजे ताई एकट्या. साक्षीच्या तोंडावर, त्या गर्दीत, एकट्या.

“वाकून बघ की,” स्टुलावरून चांगुणाबाई म्हणाल्या. तिच्या सासूबाई, दाताच्या डॉक्टरकडून परतताना बरोबर आलेल्या, गाल सुजलेला.

“कुणापुढं वाकू, आत्याबाई?”

“माझ्यापुढं वाक. समोर माणूस नसलं तर नीट वाकणं होतंय व्हय?”

शर्मिला बघतच राहिली. हे या म्हणतायत? लग्नाच्या दिवशी ती वाकायला गेली तेव्हा याच बाईनं दोन्ही खांदे धरून तिला सरळ उभं केलं होतं, नवऱ्याच्या, अश्विनच्या, साऱ्या मावश्यांदेखत — आमच्या घरात सुनेनं पाया पडायचं नाही, वाकायचं ते विहारात, वंदनेला. तेव्हापासून मी कुणापुढं वाकलेच नाही. वाकायची सवयच गेली, म्हणून तर उरणला एवढा घोटाळा झाला.

ती वाकली.

“दिसतंय. कुबड आल्यागत.”

दुसरं होल्स्टर. मागं, पाठीशी बसणारं. पुन्हा वाकली — समोर त्यांच्या टाचांच्या भेगा, जोडव्यांचे जुने वळ... याच पायांनी त्या रोज पहाटे उलव्याच्या मोकळ्या रस्त्यावर यायच्या, माझ्या तान्ह्या सोनमला घेऊन दुभाजकावर बसायच्या, आणि मी भरतीसाठी धावायचे. गोळाफेकीच्या सरावाला गोळा विकत आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी घरचा वरवंटा आणून हातात दिला होता, फेक म्हणाल्या. किती वेळा फेकला! एका कडेनं उडालाय तो, अजून त्यावरच चटणी वाटतात, आणि वाटताना एकदाही म्हणाल्या नाहीत की तुझ्यापायी उडाला. पहिल्या भरतीत मी नापास झाले तेव्हाही नुसतं एवढंच — चल, ऊठ, सोनमला मी बघते.

आणि मी? मी कधी काय म्हटलं त्यांना? ‘जाते हं’ आणि ‘आले’. बस्स.

“ह्यात तर पहिल्यापेक्षा जास्त दिसतंय बाई,” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि हरेशभाईंनी तिसरं काढलं. तपकिरी, पॅन्टच्या आत कुशीला बसणारं, मूठ पुढं कललेली. टक्. कुर्ता खाली. शर्मिला वाकली, आणि या वेळी तिचे हात आपोआप पुढं गेले, बोटं त्या पायांना टेकली. गार होते. चामडं बरगडीखाली रुतत होतं, रुतू दे.

“दिसंना आता. ऊठ.”

झालं की काम. परवा लग्नात ताईंच्या मागे उभी राहीन, हजार जणांच्या पाया पडेन, कुणाला काही कळणार नाही... तरी ती उठेना. चेहरा खाली होता तेच बरं होतं.

“नीट बघा ना, आत्याबाई.”

आता त्या खांदे धरतील, सरळ उभं करतील. ती वाट बघत राहिली. हात आला तो पाठीवर, सावकाश कुशीकडे सरकला, कुर्त्याखालच्या चामड्यापाशी थांबला.

“बघतेय,” चांगुणाबाई म्हणाल्या. आवाज सुजलेल्या गालामुळं जड होता, की... “बघतेय मी.”

हात तिथंच होता. खांद्याकडे गेला नाही.