मुठीतला गुळाचा खडा

चतुराबाईनं सगळ्या गल्लीला दानाच्या नादी लावलं, ते काही पुण्याची गाठोडी बांधायला नव्हे. तिला एक पोरगी दारात पाहिजे होती, एवढंच. पण हे ती कुणाला सांगते कशाची!

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत ती आणि नवरा कडुबा, दोघंच. कडुबा कापडाच्या दुकानात कामाला. मूलबाळ झालं नाही. देव झाले, दवाखाने झाले, मग दोघांनी तो विषय सोडला. सोडला म्हणजे बोलायचा सोडला.

आठ वर्षांमागं साहेबराव मास्तर दारात आले. सिल्लोड-फर्दापूरकडच्या मजुरांच्या पोरी शाळा सोडून रानात जातात आणि वय व्हायच्या आत बोहल्यावर चढतात. त्यांच्यासाठी मास्तरांच्या संस्थेनं हर्सूलला वसतिगृह काढलं होतं.

"पैसे नकोत," मास्तर म्हणाले. "रोज चूल पेटवायच्या आधी मूठभर ज्वारी डब्यात टाका. रविवारी पोरीच येऊन नेतील. फक्त एक नियम. कुणाची मूठ कुणाच्या ताटात गेली, ते विचारायचं नाही. पोरींच्या मानेवर उपकाराचं ओझं नको."

चतुराबाईनं मान डोलावली. नियम पाळायला काय जातंय!

रविवारी रूपा आली. सहावीतली, काटकुळी, खांद्यावर पिशवी. "मावशी, मूठ काढली का?" चतुराबाई ज्वारी ओतायची विसरली आणि पोरीची नजर तव्यावर आहे हेच बघत बसली. मग गरम भाकरी, वर तूप आणि गुळाचा खडा. रूपानं भाकरी खाल्ली आणि गूळ ओढणीच्या टोकाला बांधला.

"खोलीतल्या बारकीला नेते."

"आधी तू खा गं बाई! तिला दुसरा देते." आणि तिनं दिला.

पुढं दोन वर्षं चतुराबाईचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत असायचा. पण एका घरी पोरगी थांबून थांबून थांबणार किती? तेव्हा बाईनं डोकं लढवलं. गल्लीत घरं वाढली तर रूपा गल्लीत जास्त वेळ राहील, परत जाताना पुन्हा डोकावेल. झालं! दारोदार फिरून, कुणाला गोडीगुलाबीनं तर कुणाला दमात घेऊन तिनं चाळीस घरं जोडली.

मास्तर खूश होऊन आले. "चतुराबाई, कमाल केलीत! आता एवढं ओझं पोरींना झेपत नाही. पुढच्या रविवारपासून कोपऱ्यावर पिंप ठेवू, रिक्षा येऊन घेऊन जाईल."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. "कर अजून समाजसेवा!" कडुबा हसत म्हणाला, आणि तिचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

रविवार आले नि गेले. हाक काही आली नाही. चतुराबाई तरीही दोन भाकऱ्या जास्तीच्या थापायची. एकदा तिनं न राहवून मास्तरांना विचारलं, "रूपा कशी हाय?"

"सगळ्या पोरी बऱ्या आहेत," मास्तर म्हणाले. नियम म्हणजे नियम.

मग ती दर रविवारी आपल्या ज्वारीत गुळाचा एक खडा टाकायला लागली. रूपाला बरोबर कळेल, असं तिला वाटे. चाळीस घरांची ज्वारी एकाच पिंपात पडते, ही गोष्ट तिच्या ध्यानातच येत नव्हती. की येत होती आणि ती येऊ देत नव्हती, देव जाणे. अशी सहा वर्षं गेली.

यंदा वसतिगृहावर सगळ्या घरांचा मेळावा भरला. चतुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. पोरींच्या रांगांतून तिची नजर तीनदा फिरली. रूपा नव्हती.

तेवढ्यात वसतिगृहाच्या रत्नमालाबाईंनी माईक घेतला. "एक विनंती आहे. कुणीतरी धान्यात गूळ टाकतं. तो पाघळतो, मुंग्या लागतात. मागच्या पावसाळ्यात अख्खं पिंप वाळवावं लागलं. कृपा करून बंद करा."

बायका हसल्या. "कोण गं ती येडी?" शेजारची म्हणाली.

चतुराबाईचे कान तापले. बाजूला कडुबा बसला होता. घरात दोन माणसं आणि महिन्याला दोन किलो गूळ. आणणारा तोच, त्याला का कळत नव्हतं? तो हळूच म्हणाला, "ऊठ."

ती उठली. "म्या टाकत होते. चुकलं माझं. एका पोरीसाठी टाकत होते. विचारायचं नसतं, ठाऊक हाय मला. पण लई आठवण येती हो तिची. तिला एकदा तरी घावला का, तेवढंच सांगा."

मास्तर खाली बघायला लागले. पुढच्या सतरंजीवरची एक दोन वेण्यांची पोरगी मात्र कुणाची परवानगी न घेताच उभी राहिली.

"रूपाताई मागच्या साली नर्सिंगला गेली, नाशिकला. इथं होती तवर जवारी तीच निवडायची, कुणाला हात लावू द्यायची नाय. खडा घावला की दगडानं फोडायची आन् सगळ्यांना कण कण द्यायची. माझ्या मावशीनं धाडलाय म्हणायची. आता आम्ही निवडतो. आम्ही बी मावशीचा गूळच म्हणतो त्याला. बंद नका करू, मुंग्या आम्ही झाडू." मग तिनं चतुराबाईकडं नीट निरखून बघितलं. "तुम्हीच का ती मावशी?"

चतुराबाईनं कडुबाचा खांदा धरला. आयुष्यात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"व्हय बाई," ती म्हणाली. "मीच."