मोरीत पडली म्हणून सांग

नवऱ्याची असाइनमेंट बायकोनं लिहायची, ही आपल्याकडं आता रीतच पडून गेली आहे. नोकरीत वरची जागा हवी म्हणून नवरा बाहेरून डिप्लोमाला नाव घालतो. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो आणि घरातली बाई भाकरी थापून झाल्या की ओले हात पदराला पुसून लिहायला बसते. "अक्षर चांगलं हाय की तिचं!" एवढं म्हटलं की संपलं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कोल्हापुरात, जवाहरनगरातल्या एका घरात या रीतीपायी काय झालं ते सांगतो. ऐकताना कुणाची मान खाली गेली तर खुशाल जाऊ दे.

कृष्णात शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर. साहेब म्हणाले, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा करा, ऑफिसात घेतो. कृष्णातनं दूरशिक्षणाला नाव घातलं. घरी अभ्यास करायचा, रविवारी अभ्यासकेंद्रात तासाला बसायचं, असाइनमेंट लिहून द्यायच्या आणि शेवटी परीक्षा. कृष्णात रविवारी मित्रांबरोबर रंकाळ्यावर बसला. असाइनमेंट लिहिल्या त्याच्या बायकोनं, संयोगितानं.

संयोगिता मलकापूरची. बारावी झाली आणि लग्न झालं. दिवसा ती कांदालसूण मसाल्याच्या एका छोट्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. लिहिता लिहिता तिला ती पुस्तकं समजायला लागली. कामाची वाटणी कशी करावी, माल पडून का राहतो, चांगली माणसं काम सोडून का जातात, हे सगळं ती रोज कारखान्यात डोळ्यांनी बघतच होती. फक्त त्याला नाव असतं हे तिला आत्ता कळलं. तिनं एकदा मालकीणबाईंना डिप्लोमाच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी सुचवल्या. बाई चकित झाल्या. म्हणाल्या, "तूच कर की हा डिप्लोमा. पास झालीस की हे युनिट तू सांभाळायचंस."

कृष्णात त्या वर्षी सपाटून नापास झाला. होणारच! दुसऱ्याच्या हातानं जेवून कुणाचं पोट भरतं का? त्यानं पुन्हा नाव घातलं, आणि त्याच वर्षी संयोगितानंही घातलं. आधी तो हसला. मग एकदा मित्रांसमोर कुणीतरी म्हणालं, "वैनी पास होनार बग, तू न्हाय." त्या दिवशी घरी येऊन त्यानं जाडजूड पुस्तक उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, पुस्तकाच्या पानांवर रक्त पडलं.

"माझ्या बरोबरीला बसतीस व्हय?"

तिथून हे नेहमीचंच झालं. आज पाठीत लाथ, उद्या केस धरून भिंतीवर डोकं. सासू बायडाबाई नंतर हळद लावायची आणि म्हणायची, "गप बस बाई. पुरुषाचं डोकं तापतं, निवतं." शेजारची तेजस्वी टीव्हीचा आवाज वाढवायची. गल्लीतली बाकीची माणसं दारं लोटून घ्यायची. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये म्हणतात ना आपल्यात! भांडण दोघांचं असतं हो. एक मारतोय आणि एक मार खातेय, त्याला भांडण म्हणत नाहीत.

असा मार खाऊनसुद्धा संयोगिता दोन्ही असाइनमेंट लिहीत होती. आधी त्याची, मग स्वतःची.

आणि तिथंच घोटाळा झाला. एका रविवारी अभ्यासकेंद्राच्या सौमित्र सरांनी दोघांनाही बोलावून घेतलं. टेबलावर दोन फाइली उघड्या होत्या.

"कृष्णातराव, हे अक्षर कुणाचं?"

"माझंच की सर."

"मग चार ओळी लिहून दाखवा. मी सांगतो त्या."

कृष्णातनं पेन धरलं. दुसऱ्या ओळीतच सगळं उघडं पडलं. मागं बसलेली मंडळी फिदीफिदी हसली. सरांनी संयोगिताकडं पाहिलं.

"दोन्ही मी लिवलंय सर," ती म्हणाली. "माझीबी चूक हाय."

सरांनी तिला तिथंच दहा प्रश्न विचारले. तिनं दहाही उत्तरं दिली, मसाल्याच्या कारखान्यातली उदाहरणं देऊन दिली. सरांनी तिला खडसावलं, लेखी माफी घेतली आणि तिची फाइल मान्य केली. कृष्णातची रद्द केली. "पुढच्या वर्षी स्वतः लिहून आणा," म्हणाले. परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

दोघं घरी आली. आत आल्यावर कृष्णातनं बाहेरच्या दाराला कडी घातली.

"कुठल्या हातानं लिवलंस?"

"अहो, मी काय..."

"कुठल्या हातानं लिवलंस म्हणतोय!"

त्यानं तिचा उजवा हात पिरगाळला, ओट्यावर दाबून धरला, कोपऱ्यातला खलबत्त्याचा लोखंडी बत्ता उचलला आणि घातला. एकदा. हाड मोडल्याचा आवाज झाला. संयोगिता किंचाळली. भिंतीपलीकडं टीव्हीचा आवाज वाढला. त्यानं दुसऱ्यांदा घातला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायडाबाई "किस्ना, बास!" म्हणेपर्यंत तिसरा घाव बसलेला होता. बोटांची कातडी फाटून रक्त ओट्यावरनं खाली सांडत होतं आणि संयोगिता जमिनीवर बसून आपल्याच हाताकडं बघत होती.

"आता लिव म्हणावं परीक्षा!" त्यानं बत्ता फेकला. "आई, ने हिला दवाखान्यात. मोरीत पडली म्हणून सांग. आनि तू ऐक गं, परीक्षेला पाऊल घातलंस तर दुसराबी हात ऱ्हानार न्हाय."

राजारामपुरीतल्या लीला डॉक्टर हाडांच्या जुन्या डॉक्टर. वय साठीच्या पुढं, बोलणं सरळ. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ बघितला.

"कसं झालं हे?"

"मोरीत पाय घसरला डॉक्टरीणबाई," बायडाबाईनं लगेच सांगितलं. "शेवाळ हुतं."

"घसरून पडणारा माणूस तळवा टेकतो आजी, त्याचं मनगट मोडतं. हिची तीन बोटं वरनं ठेचलीत."

"न्हाय हो, घसरलीच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीस वर्षं झाली मला इथं. कोल्हापूरच्या मोऱ्यांत सगळ्या बायकाच तेवढ्या पडतात बघा. पुरुष आंघोळ करत नाहीत काय?"

बायडाबाई पदर सावरत म्हणाली, "घरातली गोष्ट घरात मिटती बाई. चार लोकांत अब्रू जाती."

"कुणाची जाते? हात मोडणाऱ्याची गेली पाहिजे. ती तुम्ही झाकून ठेवताय आणि हिला म्हणताय सोस. पहिल्यांदा काय मारलं होतं त्यानं?"

"पुस्तक. मग लाथ. आज बत्ता," संयोगिता पहिल्यांदाच बोलली.

"बघा, वाढतच चाललंय. पुढं काय, सांगा आजी! उद्या डोक्यात घातला तर पंचनाम्यालाही मोरीच सांगणार?"

"पोटचा पोरगा हाय माझा," बायडाबाईचा आवाज फुटला.

"आणि ही कुणाच्या पोटची नाही?"

संयोगितानं डाव्या हातानं डोळे पुसले. "डॉक्टर, सोळा दिवसांत पेन धरता येईल?"

"तारा घालून बोटं जोडेन. पेन धरायला चार महिने."

तेव्हा ती रडली. तीन घाव सोसताना रडली नव्हती इतकी रडली. "म्हंजे गेली परीक्षा. एवढं लिवलं, एवढा मार खाल्ला, आनि गेली!"

"जात नाही. लेखनिक मिळतो. तू सांगायचंस, त्यानं लिहायचं. त्याचं सर्टिफिकेट मी देते," डॉक्टर म्हणाल्या. "पण आज मोरी सांगून घरी गेलीस तर परीक्षेच्या हॉलपर्यंत तू जिवंत पोचशील, याचं सर्टिफिकेट कोण देणार?"

बायडाबाई उठली, दिव्यासमोरच्या त्या काळ्या फिल्मकडं गेली. चुरा झालेली हाडं तिलाही दिसत होती. ती मागं वळली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली, की बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले.

"लिवा तुमी! मोरीत न्हाय पडली. माझ्या लेकानं बत्त्यानं हात मोडला हिचा. मी दारात हुबी ऱ्हाऊन बघितलं."

"आत्या!" संयोगिता उभी राहिली.

"बस खाली." बायडाबाईनं झंपरची बाही वर सारली. कोपर वाकडा जुळलेला होता. "ह्योबी मोरीत न्हाय मोडला डॉक्टरीणबाई. किस्नाच्या बानं मोडला, खोऱ्याच्या दांड्यानं. बत्तीस वर्सं झाली. माझ्या सासूनं मला सांगितलं, मोरी सांग. मी सांगितली. किस्ना तवा पाच वर्साचा हुता, उंबऱ्यावर बसून समदं बघत हुता. पुस्तकं त्याला कधी उमगली न्हाईत, पर हे मातूर बरोबर शिकला. आनि शिकवनारी मीच की!"

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पोलिसांत फोन केला. त्या दिवशी बायडाबाईनं स्वतःच्या लेकाविरुद्ध जबाब दिला. अंगठा उठवला आणि पुढंही शब्द फिरवला नाही. कृष्णातला पोलीस घरातनं घेऊन गेले तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी शेजारची तेजस्वी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "वैनी, पोरं भ्यायची म्हणून टीव्ही मोठा करत हुते असं मी सगळ्यांस्नी सांगायची. खोटं हाय ते. मलाच ऐकायचं न्हवतं. तुझा हात मोडताना मी ऐकलं आनि रिमोट उचलला." ती हुंदके देऊन रडायला लागली.

संयोगितानं तिला आत घेतलं. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला लागतो. तेजस्वी दहावी पास होती. सौमित्र सरांनी दोघींचा अर्ज पुढं पाठवला.

सोळाव्या दिवशी अभ्यासकेंद्राच्या एका वेगळ्या खोलीत प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून संयोगिता बसली. आधी तिच्या तोंडातनं शब्दच फुटेना. एवढी वर्षं घरात आवाज दाबून राहिलेली बाई! मग पर्यवेक्षक म्हणाले, "ताई, मोठ्यानं सांगा, ही खोली तुमचीच आहे." ती सांगत गेली, तेजस्वी लिहीत गेली. तिन्ही पेपर असेच झाले.

शेवटचा पेपर देऊन त्या घरी आल्या तेव्हा अंगणात गडहिंग्लजचे गणपतराव बसले होते. कृष्णातचे चुलते. शेजारी जामिनावर सुटलेला कृष्णात.

"वैनी, झालं गेलं सोडा," गणपतराव बायडाबाईला म्हणाले. "केस मागं घ्या. पोरीला दोन-चार म्हयने मलकापूरला माहेराला धाडा. हिकडं ह्याचं डोकं थंड हुईल."

"ती घरात असंल तर मी आत पाय ठेवनार न्हाय!" कृष्णात गरजला. त्यानं खुर्ची लाथेनं उडवली आणि संयोगिताच्या अंगावर धावला. बायडाबाई मध्ये आली. त्यानं आईला ढकललं. म्हातारी दाराच्या चौकटीवर आपटली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. त्याचा हात पुन्हा उठला.

पण या वेळी दारं लोटली गेली नाहीत. तेजस्वी ओरडली, तिचा नवरा धावत आला, समोरचे दोघं आले, वरच्या मजल्यावरच्या बायका खाली उतरल्या. आख्खी गल्ली अंगणात! कृष्णातचा हात तसाच वर राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

बायडाबाईनं कपाळावर पदर दाबला.

"नको ठेवूस पाय. घर माझ्या नावावर हाय. मार खाल्लेलीनं पिशवी भरून माहेर गाठायचं आनि मारनाऱ्यानं गादीवर झोपायचं, असलं काय हितनं पुढं चालनार न्हाय. तिनं कुटं जायचं न्हाय. जायचं तर तू."

"आई, मी तुझा पोरगा न्हवं व्हय?"

"हायस की! म्हणून तर निम्मा गुन्हा माझा हाय. तुझ्या बाचा हात मी धरला असता तर तुझा हात उठला नसता." ती गणपतरावांकडं वळली. "भावजी, ह्याला घेऊन जावा. ह्यो नीट वागायला शिकला की मग बगू. आनि केस मागं घेनार न्हाय."

गणपतराव खाली मान घालून उठले. कृष्णात त्यांच्या मागनं गेला.

तो सुधारला का? मला माहीत नाही. खटला चालू आहे, एवढं माहीत आहे. संयोगिता पास झाली. तिची दोन बोटं आजही पुरी मिटत नाहीत, पण कारखान्यातल्या सोळा बायकांच्या कामाची आखणी तीच करते. आणि कुणाच्या अंगावर वळ दिसला, तर "कुठं पडलीस?" असं ती विचारत नाही. "कुणी मारलं?" असं विचारते.

मंडळी, शिकणाऱ्या बाईला मारणारा माणूस एकटा नसतो. हळद लावून गप्प बसवणारी सासू, टीव्हीचा आवाज वाढवणारे शेजारी, समझोत्याला येणारे पाहुणे, हे सगळे त्याच्या बत्त्याला हात लावून उभे असतात. तुम्हीआम्ही त्यात असतो. शेजारच्या घरातनं किंकाळी आली तर दार लोटू नका, उघडा! जाऊन उभे राहा आणि जे बघितलं ते खरं सांगा. बायडाबाईला हे कळायला बत्तीस वर्षं लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.