बुडीत खर्च

मर्नाने अर्थशास्त्राचा वर्ग लावला तेव्हा तिच्या नवऱ्याला, रसेलला, त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून तो घरीच होता. मुलगी लग्न होऊन मॅडिसनला गेलेली. मर्नानेही दातांच्या डॉक्टरांकडची नोकरी सोडली होती आणि तिला दुपार खायला उठत असे. गावातल्या कॉलेजात साठी उलटलेल्यांना फी माफ होती. "जा की," तो म्हणाला होता, "तेवढाच विरंगुळा."

आणि मग तो वर्ग घेणारे लिंडक्विस्ट सर, मर्नाच्या बोलण्यातून, जणू त्यांच्या घरात राहायलाच आले.

शुक्रवारी दोघं नेहमीसारखी नदीकाठच्या क्लबात मासे खायला गेली. आधी तळलेल्या चीजची बशी आली. रसेल एकेक तुकडा तोंडात टाकत होता.

"आता खरं सांग," मर्ना म्हणाली, "हा पहिल्याइतका छान लागतोय?"

"म्हणजे?"

"लिंडक्विस्ट सर म्हणतात, प्रत्येक पुढच्या घासाची गोडी थोडी थोडी कमी होत जाते. तरी माणूस खात राहतो. का, तर बशी समोर आहे म्हणून."

"मला तसाच लागतोय," रसेल म्हणाला. खरं तर लागत नव्हता. न पाहिलेल्या एका माणसाने त्याच्या बशीतही हात घातला होता.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला तो दिवसभर जाऊन आला, तर ती म्हणाली, त्या वेळात तू दुसरं जे काही केलं असतंस ना, ती त्या माशाची खरी किंमत. त्याने मासा ओट्यावर ठेवला. वर्गाच्या दिवशी ती हिरवं स्वेटर घालायची. भांडी विसळताना मध्येच एकटीच हसायची. काय झालं विचारलं की म्हणायची, "काही नाही रे, वर्गातली गंमत. तुला नाही कळणार, तिथं असायला हवं."

एकदा त्याने विचारलंच. "किती वयाचा आहे हा तुझा लिंडक्विस्ट?"

"माझा कशाला? सगळ्या वर्गाचा आहे."

"विचारलं तेवढं सांग."

"असेल पन्नाशीचा. केस छान आहेत."

रसेल उठून न्हाणीघरात गेला आणि आरशासमोर डोकं वाकवून, डोळे वर करून, टाळू दिसते का ते बघू लागला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा बुडीत खर्चाचा धडा आला. रसेल गॅरेजात बर्फ उडवायचं जुनं यंत्र पुन्हा एकदा खोलून बसला होता. मर्ना दारात येऊन उभी राहिली.

"टाकून दे ना ते."

"एवढी वर्षं खपलोय याच्यावर."

"तेच तर! जे गेलं ते गेलं, रसेल. ते काही केल्या परत येत नाही, म्हणून ते मोजायचंच नाही. एवढंच विचारायचं, इथून पुढे हे मला हवंय का?"

"हे यंत्रांपुरतं ना?"

"सगळ्यालाच लागू आहे," ती सहज म्हणाली आणि आत गेली.

रसेल पाना हातात धरून तसाच बसून राहिला. आपल्याजवळ होतं काय? ती गेलेली वर्षंच तर होती. तीच मोजायची नसतील तर उरलं काय, गिरणीतून घरी बसवलेला, अर्ध्या कानाने ऐकणारा एक माणूस.

मे महिन्यात दुकानात टॅमी भेटली. ती तिथं गल्ल्यावर बसायची आणि मर्नाच्याच वर्गात होती. "उद्या येताय ना, रसेल? शेवटचा तास आहे. प्रत्येकाने आपला आवडता धडा सांगायचा. सरांनी घरच्यांनाही बोलावलंय."

मर्नाने त्याला हे सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर तो मागोमाग गेला. तास सुरू झाल्यावर हळूच शिरला आणि शेवटच्या रांगेत, कोणाच्या तरी धिप्पाड नवऱ्याआड बसला. लिंडक्विस्ट सर बुटके निघाले. त्यांना सर्दी झाली होती आणि ते सारखे नाक पुसत होते. केस मात्र छान होते. रसेलला हायसं वाटलं.

टॅमीचा धडा होता, ज्याला जे जास्त जमतं त्याने तेच करावं. म्हणून तिने घरी ॲपल पाय भाजायचं सोडलंय. ते बहीण करते आणि टॅमी तिची मुलं सांभाळते. दोघी सुखी आहेत. सगळे हसले. मग मर्ना उभी राहिली, हिरव्या स्वेटरात. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. तिचं बोलणं ऐकायची इथं सगळ्यांना सवय होती, हे रसेलला तेव्हा कळलं.

"माझा आवडता धडा बुडीत खर्चाचा," ती म्हणाली. "मी तो माझ्या संसाराला लावला. मागचं सगळं बाजूला ठेवलं. मुलगी, घर, सवय, सगळं. आणि विचारलं, हा माणूस मला आज नव्याने भेटला, तर मी हो म्हणेन का? बरेच दिवस उत्तर येईना. मग आलं. हो आलं. पण ते आधीच्या वर्षांमुळे नाही, म्हणून मला ते आवडलं."

टाळ्या वाजल्या. लिंडक्विस्ट सरांनी नाक पुसलं की डोळे, ते मागून दिसलं नाही.

रसेल बाहेर येऊन तिच्या गाडीला टेकून उभा राहिला. त्याला पाहून ती थबकली.

"ऐकलंस?"

"अख्ख्या वर्गाने ऐकलं. मी सगळ्यात शेवटी."

"घरी सांगितलं असतं तर तू यंत्र खोलून बसला असतास."

"आणि उत्तर नाही आलं असतं तर?"

"तर गेले असते," मर्ना म्हणाली. आवाज न चढवता. "तूही विचार ना. माझ्याबद्दल. तुला कोणी अडवलंय?"

ती हे चेष्टेत म्हणाली असावी. पण रसेलने मान हलवली. "विचारतो," तो म्हणाला. "वेळ लागेल."

त्या आठवड्यात मर्नाने त्याला वेळीअवेळी कॉफी हवी का विचारलं. फोनवर मुलीशी बोलताना तो हसला, तर ती बाहेरच्या खोलीतून डोकावून गेली. कोणाचा फोन, असं विचारलं. रसेलला मनातून बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही.

रविवारी चर्चमधून परतताना गाडीत तो म्हणाला, "हो."

"काय हो?"

"इथून पुढे. हो."

तिने श्वास सोडला. "एवढे दिवस लागले तुला?"

"तुला किती लागले होते?"

मर्नाने ते सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. रसेल गाडी चालवत राहिला. तिला उत्तर येत नव्हतं ते बरेच दिवस तिने कोणाकोणाशी बोलून काढले असतील, याचा विचार काही त्याच्या डोक्यातून जाईना.